मुलींच्या बाकावर बसवलेला मुलगा

नौपाडा, ठाणे

चि. भाचीस,

लेकाच्या शाळेने तुला सखी सावित्री समितीवर पालक प्रतिनिधी म्हणून घेतल्याचं कळलं. अभिनंदन करायचं की कीव, हे पहिल्या बैठकीनंतर ठरवू. पुष्कळ शाळांत ही समिती फलकापुरती असते: नावं, मोबाइल नंबर, खाली मुख्याध्यापकांची सही. शाळेतल्या मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी ही समिती नेमण्याचा शासन निर्णय 10 मार्च 2022 चा आहे. पण अनेकांना तिची आठवण झाली ती ऑगस्ट 2024 मध्ये, आणि त्याचं कारण डोंबिवलीपासून कर्जत लोकलने अर्ध्या तासावर घडलं.

बदलापूरची हकिकत तुला ठाऊक आहे, तरी क्रम नीट पाहा. कंत्राटावर घेतलेल्या सफाई कर्मचाऱ्याने चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार केले. शाळेतले सीसीटीव्ही चालू नव्हते. तक्रार नोंदवायला गेलेल्या पालकांना पोलिस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले आणि संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला: सीसीटीव्ही बसवा, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासावं, तक्रारपेटी ठेवा, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी करून घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि 22 तारखेला सुनावणी केली. महिन्याभराने, 23 सप्टेंबरला, आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गोळीने मेला आणि काही ठिकाणी पेढे वाटले गेले.

कॅमेरा हवाच. पडताळणी तर हवीच हवी. पण या सगळ्या उपायांची नजर फाटकावर आहे, बाहेरून येणाऱ्या परक्या पुरुषावर. शाळेच्या आत, हजेरी घेऊन झाल्यावर, ओळखीच्या माणसांमध्ये रोज काय चालतं, याकडे पाहायचं काम जगभरात काही समाजशास्त्रज्ञांनी केलं आहे. बैठकीला जाण्याआधी त्यांचं म्हणणं तुझ्या कानावर असावं, म्हणून हे पत्र.

बॅरी थॉर्न या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाई 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या आणि नंतर मिशिगनमधल्या प्राथमिक शाळांत जाऊन बसल्या. वर्गात, जेवणाच्या टेबलाशी, मैदानावर. मुलं आपापली खेळत असताना मुलगे-मुली सहज मिसळतात आणि मग एखाद्या चिडवण्याने, एखाद्या ‘पकडापकडी’ने मधली भिंत पुन्हा उभी राहते, असं त्यांनी टिपलं. ती भिंत बांधायला मोठ्यांचाही हात लागतो. एका वर्गात शिक्षिकेने मुलगे विरुद्ध मुली अशी स्पर्धा लावली आणि फळ्यावर गुणांसाठी दोन रकाने आखले: एक रानटी मुलग्यांचा, दुसरा चुगलखोर मुलींचा. सगळं हसतखेळत. थॉर्न यांचं पुस्तक 1993 मध्ये आलं.

आपल्याकडे तेवढाही खडू खर्च होत नाही. बडबड्या मुलाला उचलून मुलींच्या रांगेत बसवायचं, ही शिक्षा ठाणे-डोंबिवलीत शिकलेल्या कुठल्याही पिढीला सांगावी लागत नाही. बाईंनी काठी उगारलेली नसते, आवाजही चढवलेला नसतो. उलट पालकसभेत त्याची गंमत म्हणून आठवण निघते. त्या शिक्षेत दोन धडे असतात. मुलाला कळतं की मुलींमध्ये असणं ही नामुष्की आहे. आणि बाकावर आधीपासून बसलेल्या मुलीला कळतं की आपल्या शेजारी बसणं ही शिक्षा होऊ शकते. तिच्याकडे त्या वेळी कुणी पाहत नाही, सीसीटीव्हीसुद्धा नाही. त्यात दिसणार ती शिस्तीत बसलेली मुलं.

इथून पुढचा टप्पा समाजशास्त्रज्ञ सी. जे. पॅस्को यांच्या कामात दिसतो. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका उपनगरी, कष्टकरी वस्तीच्या हायस्कुलात दीड वर्ष काढलं आणि 2007 मध्ये पुस्तक लिहिलं. तिथले मुलगे एकमेकांना समलिंगी पुरुषासाठीची एक शिवी दिवसभर देत असत. पॅस्कोंनी विचारलं, तेव्हा काही मुलांनी सांगितलं की जो मुलगा खरोखरच समलिंगी आहे त्याला आम्ही असं कधी म्हणणार नाही, ते फार वाईट दिसेल. म्हणजे शिवीचा नेम ‘तसल्या’ मुलावर नव्हताच. पाय घसरला, काम नीट जमलं नाही, डोळ्यांत पाणी आलं, कपड्यांची फार काळजी घेतली, की ती कुणावरही पडायची. आणि आपल्यावर पडू नये म्हणून प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलायचा. मुलींना ओढणं, अडवणं, त्यांच्याबद्दल बढाया मारणं हाही त्याच धडपडीचा भाग होता. तिथे श्रोते मित्र असत. मुलगी केवळ निमित्त.

‘बायल्या’, ‘बांगड्या भर’, ‘मुलीसारखा रडतोस काय’, आणि टाळी वाजवून दाखवणं. आपला माल वेगळा नाही. त्यातही पॅस्कोंची एक नोंद आपल्या मंडळींनी वाचावी अशी आहे: कृष्णवर्णीय मुलांनी नाचलं, कपडे नीट केले तर सवंगडी त्यांना हसत नसत, मात्र शाळेच्या शिस्तीचा बडगा त्यांच्यावरच आधी पडे. पुरुषीपणाचे नियम सगळ्यांना सारखे लागू होत नाहीत. आपल्याकडे जात आणि वस्ती हे काम चोख करतात. सोसायटीतला मुलगा भांडला तर तो मस्तीखोर, चाळीतला किंवा झोपडपट्टीतला भांडला तर त्याचं वळण काढलं जातं.

आता थोडी आकडेवारी, कारण समितीवरचे काका लोक आकड्याशिवाय ऐकत नाहीत. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. शाळेत जाणाऱ्यांपैकी 65 टक्के मुलांनी शारीरिक शिक्षा झाल्याचं सांगितलं. लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार सोसलेल्या मुलांचं प्रमाण 53 टक्क्यांवर होतं, आणि त्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा किंचित जास्त निघाली. हा शेवटचा आकडा बैठकीत सांगशील तेव्हा कुणी तरी नक्की म्हणेल, ‘छे, मुलांना काय होतंय!’ हेच वाक्य त्या मुलांना गप्प बसवतं. त्यानंतर 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने मारहाणीबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आणि 2012 च्या पॉक्सो कायद्याने मुलगा-मुलगी असा भेद न ठेवता 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला संरक्षण दिलं. गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणं हादेखील त्या कायद्याने गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कागदावर आपण मागे नाही.

पण जुलै 2025 मध्ये शहापूरला काय झालं ते आठव. शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. म्हणून मुलींना सभागृहात बोलावलं, पडद्यावर डागांचे फोटो दाखवले, पाळी कुणाला आली आहे ते विचारलं, ठसे घेतले, आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांची आत नेऊन कपडे काढून तपासणी केली. मुख्याध्यापिका आणि महिला कर्मचारी अटकेत गेल्या. बदलापूरनंतर वर्षही झालं नव्हतं, जिल्हा तोच होता. इथे परका पुरुष नव्हता आणि काळोखा कोपराही नव्हता. सगळं बायकांनी, बायकांच्या जातीला शिस्त लावायची म्हणून, भर दिवसा केलं. एखादा सॅनिटरी पॅड आणि बादलीभर पाणी एवढाच तो प्रश्न होता.

यावर मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांचं वाचायला हवं. या माहेरच्या आंबर्डेकर. 1923 चा जन्म, 2012 ला गेल्या. मुलगी ‘मुलगी’ कशी घडवली जाते, यावरचा त्यांचा निबंध 1988 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. बसायचं कसं, हसायचं किती, पाळी आल्यावर काय लपवायचं, हे मुलीला घरातल्या बायकाच शिकवतात, आणि मायेने शिकवतात. ते त्यांनी बारकाईने मांडलं आहे. शहापूरच्या सभागृहात मायेचा भाग गळला आणि तपासणी उरली.

डोंबिवलीचं नाव 2021 च्या सप्टेंबरमध्ये देशभर गेलं ते आठवणं जड आहे, पण टाळता येत नाही. मानपाडा पोलिस ठाण्यात पंधरा वर्षांच्या मुलीने फिर्याद दिली; एका ओळखीच्या मुलाने काढलेल्या चित्रफितीचा धाक दाखवत कित्येक महिने तिच्यावर अत्याचार झाले होते. आरोपी 33. त्यांत दोघे अल्पवयीन, आणि बाकीचे परग्रहावरून आलेले नव्हते. एकाने फोनमधलं काही तरी मित्राला दाखवणं, मित्राने ‘नको रे’ न म्हणणं, अशा पायऱ्यांनीच इतकी मुलं एका गुन्ह्यात येतात. पॅस्कोंच्या शाळेतली बढाई आणि हा गुन्हा यांत प्रचंड अंतर आहे, हे खरं. पण मित्रांसमोर कच्चं दिसायचं नाही, हा धाक दोन्हीकडे एकच आहे. मित्राला अडवण्याची हिंमत सातवी-आठवीतच यावी लागते, आणि ‘बायल्या’ म्हणवून घ्यायची तयारी असल्याशिवाय ती येत नाही.

उपाय करून पाहिलेले आहेत, तेही आपल्या शेजारीच. 2008 मध्ये आयसीआरडब्ल्यू ही संशोधन संस्था, चेंबूरची ‘कोरो’ ही संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून मुंबई महापालिकेच्या 45 शाळांत ‘जेम्स’ नावाचा प्रयोग केला. सहावी-सातवीची मुलं. काही शाळांत वर्गसत्रं आणि शाळाभर मोहीम, काहींत नुसती मोहीम, काहींत काहीच नाही, म्हणजे तुलना करता यावी. सत्रांत व्याख्यानं नव्हती. घरात कोण कोणतं काम करतं, राग आला की शरीरात काय होतं, कुणाला मारणं कधी ‘योग्य’ वाटतं, यावर खेळ आणि गप्पा होत्या, आणि घरी न्यायला एक वही. सत्रं झालेल्या शाळांत मुलामुलींची मतं समानतेकडे अधिक सरकली. वागणुकीतला बदल मात्र सरळ रेषेत गेला नाही. याचं आश्चर्य वाटू नये. सातवीतल्या मुलाचं मत बदललं तरी त्याचा ग्रुप तोच असतो. पुढे राज्य सरकारने यातले काही घटक आपल्या शालेय कार्यक्रमात घेतले. तुझ्या शाळेत त्याचं काय झालं, हे बाईंना विचारण्यासारखं आहे.

बदलापूर प्रकरणात न्या. रेवती मोहिते डेरे यांनीही मुलग्यांना शिकवण्याचा हा मुद्दा त्यांच्या पद्धतीने काढला होता. ‘सातच्या आत घरात’ हा चित्रपट मुलींसाठीच का, मुलग्यांना वेळेत घरी यायला का सांगत नाही, असं त्यांनी सुनावणीत विचारलं, आणि मुलीला वाचवायचं तर मुलग्याला शिकवा, अशा अर्थाचं बोलल्या. वर्तमानपत्रांनी ते ठळक छापलं. शाळांनी मात्र मुलींसाठी कराटेचे वर्ग सुरू केले. कराटे उत्तम, त्याच वेळी मुलगे मैदानावर क्रिकेट खेळत होते, एवढंच.

जी मुलं चौकटीत बसतच नाहीत त्यांची गोष्ट याहून कठीण. 2021 मध्ये एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी एक पुस्तिका संकेतस्थळावर टाकली. गणवेश, स्वच्छतागृह, चिडवणं असल्या साध्या गोष्टी होत्या. तक्रार झाली आणि काही दिवसांत ती उतरवली गेली. तेव्हा वरून मार्गदर्शन येईल म्हणून थांबू नकोस.

बैठकीत काय मागायचं, असं तू फोनवर विचारलंस. सीसीटीव्हीचा विषय दहा मिनिटांत उरकू दे. मग विचार की मुलग्यांच्या स्वच्छतागृहाच्या दारांना कड्या आहेत का, आणि मधल्या सुट्टीत तिथे जायचं कोण टाळतं. व्हॅनमध्ये शेवटी उतरणारं मूल कोण, तेही विचार. तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे असते आणि ती सगळ्यांच्या देखत उघडतात का, ते वहीत नोंदवून घे. मुलींच्या रांगेत बसवायची शिक्षा बंद करा असं म्हटलंस तर लोक हसतील. हसू देत. ठरावात ते लेखी येऊ दे.

आणखी एक. समितीत विद्यार्थी प्रतिनिधी घ्यायचे असतात. शाळा बहुधा मॉनिटर आणि स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी मुलगी यांची नावं पुढे करेल. रॉबर्ट फॅरिस आणि डायान फेल्मली या समाजशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या शाळांतली मैत्रीची जाळी मांडून दाखवलं की त्रास देणारी मुलं कोपऱ्यातली, एकटी नसतात. वर्गातला मान जसजसा वाढतो तसतसं त्रास देणंही वाढतं, आणि अगदी टोकाला पोचलेल्या मोजक्या मुलांतच ते कमी होतं. तेव्हा निदान एक नाव असं सुचव, जे बाईंना पटकन आठवणार नाही.

बैठक शनिवारी असेल तर येताना ठाण्याला उतर. इतिवृत्ताची झेरॉक्स आण.

तुझी मावशी