लगामाचे दुसरे टोक

मराठीत घोड्याविषयी जे काही लिहिले गेले आहे ते बहुतांशी खोगिरावर बसून लिहिले गेले आहे. बखरी घ्या, पोवाडे घ्या, 'स्वामी' (१९६२) किंवा 'राऊ' (१९७२) यांच्या वळणाच्या ऐतिहासिक कादंबऱ्या घ्या. घोडा तेथे असतो तो स्वाराच्या मांडीखाली. त्याच्या टापांची धूळ उडते, तो फुरफुरतो, चौखूर उधळतो. रात्री त्याला खरारा कोण करतो, पहाटे तोबरा कोण चढवतो, हे प्रश्न कथानकाच्या बाहेरचे. मोतद्दार आलाच तर एखाद्या वाक्यापुरता येतो, धन्याच्या हातचा लगाम घेतो आणि परिच्छेदाबाहेर निघून जातो. या निघून जाणाऱ्या माणसाच्या बाजूने मला थोडे लिहायचे आहे. त्यात संशोधनाचा आव नाही. माझे बालपण धारणीत, लगामाचे दुसरे टोक हातात धरून गेले, एवढाच काय तो अधिकार.

धारणी हे मेळघाटातले तालुक्याचे गाव. जिल्हा अमरावती, पण अमरावतीपेक्षा बऱ्हाणपूर जवळ, आणि बोलण्यात तर बऱ्हाणपूर फारच जवळ. आमच्या वर्गात कोरकू, हिंदी, निमाडी आणि वऱ्हाडी अशा चार बोली एका बाकावर बसत आणि पाचवी, म्हणजे पाठ्यपुस्तकातली मराठी, फळ्यावर असे. बाबांकडे वरातीची घोडी होती. तुळशीच्या लग्नापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत घोडी, आणि उरलेले महिने दुसऱ्याच्या शेतात मजुरी, असा आमचा जमाखर्च. गावात आम्हाला आडनाव नव्हते. आम्ही 'घोडीवाले' होतो. एकदा मराठीच्या तासाला गुरुजींनी 'वरातीमागून घोडे' या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला, तेव्हा सारा वर्ग माझ्याकडे वळून हसला. मला हसण्याचे कारण कळले नाही. आमचे घोडे वरातीमागून कधीच गेले नव्हते. ते नेहमी वरातीच्या तासभर आधी पोहोचलेले असे, आणि जेवणावळ उठेपर्यंत उपाशी उभे असे.

घोडी बाबांनी १९८६ साली सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. सारंगखेडे तेव्हाच्या धुळे, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातले. तापीच्या काठी एकमुखी दत्ताचे देऊळ आणि दत्तजयंतीला भरणारा घोड्यांचा बाजार. जी तापी मुलताईहून निघून मेळघाटाच्या कडेने वाहत जाते तीच पुढे सारंगखेड्याला लागते, त्यामुळे घोडी 'नदीच्या खालच्या अंगाने' आली असे आजी म्हणे. प्रत्यक्षात ती बऱ्हाणपूरपर्यंत ट्रकने आली आणि तेथून बाबांनी आणि काकांनी तिला चालवत आणली. नुकरी होती. अंगाने दुधासारखी, नाकपुड्यांशी गुलाबी. असे जनावर आमच्या ऐपतीत बसण्याचे काही कारण नव्हते. कारण होते ते तिच्या डाव्या डोळ्याखाली होते.

ज्यांनी घोड्यांचा बाजार पाहिला नाही त्यांना हे सांगावे लागेल. बाजारात घोडा पाहत नाहीत, वाचतात. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेले एक संपूर्ण लक्षणशास्त्र तेथे निरक्षर माणसांच्या बोटांवर नांदत असते. चारी पाय आणि कपाळ पांढरे तर पंचकल्याण. गळ्याखाली केसांचा भोवरा असेल तर देवमण, त्यासारखे शुभ दुसरे नाही. पायावरचा भोवरा खाली वळलेला असेल तर तो खुंटेगाड, म्हणजे मालकाचा खुंटा घट्ट रोवणारा. तोच वर वळला तर खुंटेउपाड, घर उठवणारा. आणि डोळ्याखाली, अश्रू ओघळावा त्या जागी भोवरा असेल तर आसूढाळ. असा घोडा घरात रडणे आणतो. आमच्या चांदणीच्या डाव्या डोळ्याखाली असा एक भोवरा होता, रुपयाएवढासुद्धा नाही. त्या भोवऱ्याने तिची किंमत निम्म्यावर आणली आणि ती आम्हाला मिळाली.

अशुभ घोडीवरून नवरदेव मिरवायचा कसा, हा प्रश्न बाबांनी एका झालरीने सोडवला. आजीने मण्यांची, काचेच्या तुकड्यांची झालर ओवली. ती म्होरकीवरून अशी सोडली की दोन्ही गाल झाकले जात. लोकांना ती हौस वाटली. इतर घोडीवाल्यांनी तिची नक्कल केली. मला मात्र सक्त ताकीद होती की झालर खरारा करतानाच काढायची आणि तीही घराच्या मागच्या बाजूला.

सातव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत मी हेच केले. भिजवलेले हरभरे, कोंडा आणि कडबा. संध्याकाळी गुळाचा खडा. अगाडी-पिछाडी बांधणे, खूर खरवडणे. बैलांना पत्र्या मारणारा नालबंदच बाजाराच्या दिवशी तिला नाल मारून जाई. नाचवणे बाबा शिकवत: पत्र्याचा डबा वाजवायचा, छडीने पुढच्या पायाला नुसता स्पर्श करायचा, पाय उचलला की गूळ. सगळे असे शिकवत नसत. काटेरी लगाम घातला की घोडे आठवड्यात नाचू लागते, कारण ते नाचत नसते, तोंड सोडवत असते. १९६५ च्या नियमांनी अशा लगामाला बंदी घातलेली आहे हे मला फार पुढे कळले. नाचणारे घोडे पाहणाऱ्यांनी एकदा त्याच्या ओठांच्या कडा पाहाव्यात.

वरातीत माझी जागा घोडीच्या डाव्या अंगाला. डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका पुढे, मग बँड, मग आम्ही. फटाक्यांची लड लागली की तिच्या कानांकडे लक्ष ठेवायचे. कान मागे गेले की लगाम आखूड करायचा. वर बसलेला नवरदेव म्हणजे भरजरी फेटा, हातात लिंबू खोचलेली कट्यार, गळ्यात नोटांची माळ. खालून पाहणाऱ्यांना तो राजा दिसे. मला दिसे ती रिकिबीत थरथरणारी पोटरी. "भाऊ, धरून ठेव बरं," हे वाक्य मी शिकलेल्या, श्रीमंत, जमीनदार, साऱ्या नवरदेवांच्या तोंडून ऐकले आहे. बारा वर्षांच्या पोराला 'भाऊ' म्हणण्याची वेळ माणसावर आयुष्यात अशी एकदाच येत असावी. बाबा एकदा म्हणाले होते, "लोक घोडीले पायतेत, वरच्याले पायतेत. आपल्याले कोनी पायत नाई. म्हून आपल्याले सारं दिसते."

आणि परतीची वाट. ती फक्त माझी. लग्न आटोपले, हिशेब झाला, की बाबा मला उघड्या पाठीवर बसवत आणि स्वतः पुढे चालत. चैत्रात मोह गळत असे. रस्ताभर तो गोड, जड वास, आणि मोह खायला अस्वले येतात म्हणून बाबा मोठ्याने बोलत चालत. घोडा येणे म्हणजे काय हे मला त्या वाटेवर कळले. खोगीर नाही, रिकीब नाही, पाहणारे कोणी नाही. तिच्या पाठीची ऊब, आणि ती आता घराकडे जात आहे म्हणून बदललेली तिची चाल.

१९९२ च्या उन्हाळ्यातल्या एका लग्नाबद्दल लिहायचे तर थोडे जपून लिहायला हवे. गावाचे नाव सांगत नाही. तेथल्या बौद्ध वस्तीतल्या मुलाचे लग्न होते, तो मास्तर होता, आणि त्याच्या बापाने बाबांना इसार दिला होता. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्याच गावची तीन माणसे आमच्या ओट्यावर येऊन बसली. चहा घेतला, घोडीचे कौतुक केले, आणि उद्या घोडी आजारी पडली तर बरे होईल, असे सुचवून गेली. बाबा काही बोलले नाहीत. पहाटे तीनला त्यांनी तिच्या पायांतले घुंगरू काढून माझ्या खिशात दिले, आणि आम्ही रस्ता सोडून गडग्याच्या कोरड्या पात्रातून गेलो.

तेथे नवऱ्या मुलाच्या आजोबांनी घोडीच्या मानेवरून असा हात फिरवला की मला एकदम कळले, या हाताला घोडा ठाऊक आहे. तरुणपणी ते पाटलाच्या घोड्याचे मोतद्दार होते. हात झालरीखाली गेला आणि थांबला. बाबांनी खाली पाहिले. म्हातारा हसला. "आसूढाळ हाये नं? असू दे. हे सारं आमी छप्पन सालीच नागपूरले सोडून आलो बापा."

नवरदेव एका झेपेत वर बसला. कट्यार नव्हती, लिंबू नव्हते. वरात मधल्या आळीतून गेली. दारे लावलेली होती, ओट्यांवर कोणी नव्हते, आणि बँडवाले नको इतके जोरात वाजवत होते. काही झाले नाही. दगड आला नाही, शिवी आली नाही. पण त्या पोराने मला एकदाही 'धरून ठेव' म्हटले नाही, आणि त्याची पोटरी मी सबंध वाटभर पाहत होतो.

शिक्षा नंतर आली आणि ती लक्षणशास्त्राच्या भाषेत आली. पावसाळ्याआधीच सगळीकडे बोलले जाऊ लागले की घोडीवाल्याची घोडी खोटी आहे, तिच्या डोळ्याखाली भोवरा आहे. ज्यांना तो सहा वर्षे दिसला नव्हता त्यांना तो एका रात्रीत दिसला. पुढच्या हंगामात त्या गावातून आणि आसपासच्या चार गावांतून इसार आला नाही. चिन्हे वाचण्याविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो; वाचन केव्हा सुरू होते आणि कोणाच्या सोयीने, हे मी त्या वर्षी शिकलो. २०१८ साली उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यातल्या एका दलित तरुणाला आपली वरात घोड्यावरून नेता यावी म्हणून उच्च न्यायालयात जावे लागले, ही बातमी मी वाचली तेव्हा माझ्या मनात आला तो नवरदेव नव्हे. त्याला घोडी देणारा कोण असेल, हे मी शोधत राहिलो. बातमीत तो नव्हता.

एम.ए.ला असताना टॉलस्टॉयची 'खोल्स्तोमेर' वाचली. १८८६ साली प्रसिद्ध झालेली ही कथा एक म्हातारा घोडा सांगतो. श्क्लोव्हस्कीने १९१७ च्या निबंधात अपरिचितीकरणाचे उदाहरण म्हणून तिचा उपयोग केला, त्यामुळे ती आपल्याकडे कथेपेक्षा उदाहरण म्हणूनच अधिक परिचित आहे. 'माझा घोडा' असे जे म्हणतात ते त्याला चारा घालत नाहीत, त्याच्यावर बसतही नाहीत, ही त्या घोड्याला पडलेली गाठ. वर्गात या भागाचे 'विलक्षण दृष्टिकोन' म्हणून कौतुक झाले. मला त्यात विलक्षण काही आढळले नाही. आमच्या घरी ही रोजची माहिती होती. त्याच वर्षीची चेखॉव्हची गोष्ट मात्र मला अजून पुरी वाचवत नाही, ज्यात मुलगा गमावलेल्या गाडीवानाचे ऐकायला त्याच्या घोडीखेरीज कोणी उरत नाही. असो.

धारणीभोवतीच्या गावांत कोरकूंचे मुंडे पाहायला मिळतात. मृताच्या स्मरणार्थ उभारलेली सागाची कोरीव फळी. वर सूर्य-चंद्र आणि खाली घोडेस्वार. लहानपणी वरातीला जाता-येता ते दिसत. ज्यांच्या दारात मी कधी घोडा पाहिला नाही त्यांचे पूर्वज घोड्यावर कसे, असे मी बाबांना विचारले होते. ते म्हणाले, "मेल्यावर कोनी उतरवत नाई." अभ्यासक या स्वाराचा अर्थ निराळा लावतील आणि तो बरोबरही असेल. पण त्या फळ्यांवर एक गोष्ट मी पाहिलेली आहे: लगाम धरून चालणारा माणूस कोरलेला नसतो. घोडा आणि स्वार, दोघेच.

१९९३ च्या दत्तजयंतीला आम्ही चांदणीला सारंगखेड्याला नेले. बाजारात उभे करण्याआधी बाबांनी स्वतःच झालर सोडली. गिऱ्हाइके येत, दात पाहत, पाय पाहत, डोळ्याखाली अंगठा नेत आणि पुढे जात. तिसऱ्या दिवशी एक बऱ्हाणपूरकडचा व्यापारी थांबला. त्याला चाल पाहायची होती. घोडी पळवून दाखवण्याचे काम माझे. मी लगाम आखूड धरून तिच्या खांद्याशी खांदा ठेवून वाळूतून शंभर पावले गेलो आणि आलो. ती रेवाल चालीत अशी चालली की पाठीवर पाण्याचा पेला ठेवला असता तर हलला नसता. व्यापाऱ्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्या अनवाणी पायांकडे. "घोडी का तो ठीक है, लडके का क्या लोगे?" सगळे हसले. बाबाही हसले.

सौदा झाला. नव्या मालकाने आपली म्होरकी आणली होती. आमची म्होरकी, घुंगरू आणि ती झालर बाबांनी पिशवीत भरली. बऱ्हाणपूरहून धारणीच्या गाडीत पिशवी माझ्या मांडीवर होती. प्रत्येक खड्ड्याला घुंगरू वाजत. देडतलाईच्या पुढे मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, वरात कुणाची आहे.