दगड जिथल्या तिथे

राजस्थानची सहल म्हटली की किल्ले, हवेल्या आणि उंट! आम्ही मात्र जयपूरहून मोटार केली ती डिडवान्यासाठी. "अहो, दगडच पाहायचे होते तर आपला सिंहगड काय वाईट होता?" असे सौभाग्यवतींनी वाटेत दोनदा विचारले. प्रश्न बिनतोड होता. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

थरच्या वाळवंटाचा हा पूर्वेकडचा काठ. खाऱ्या सरोवराकडेची पांढरी जमीन, वाळूच्या टेकड्या आणि मधूनमधून खेजडीची झाडे. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी, हे कळल्यावर सौभाग्यवतींचा चेहरा जरा निवळला. पण गावाजवळच्या सिंगी तलावापाशी पोचलो आणि तो पुन्हा पडला. पाहायला होते काय? माती, खडे आणि वारा!

पण याच मातीने पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील वीरेंद्रनाथ मिश्र, शरद राजगुरू आदी संशोधकांना ओढून आणले. 1980 च्या दशकात येथे उत्खनन झाले आणि आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने येथील वस्तीचा काळ सुमारे 1 लाख 77 हजार वर्षांपूर्वीचा ठरवला. जवळच्या एका वाळूच्या टेकडीचा खोल छेद घेतला, तेव्हा वाळूच्या थरांमध्ये चुनखडीचे पट्टे दिसले. कोरडे आणि ओले काळ येथे आलटून पालटून आले होते. म्हणजे हे वाळवंट सदाचे असे रुक्ष नव्हते. येथे पाणी होते, आणि पाण्याकाठी बसून कुणीतरी दगडाला धार काढीत होते.

त्या हत्यारांबरोबर सापडले सहा स्फटिक! बोटाच्या पेराएवढे, काही त्याहूनही लहान. त्यांना ना धार काढलेली, ना ते कशाच्या उपयोगाचे. केवळ आवडले म्हणून कुणीतरी ते दुरून उचलून आणले असावेत, असा संशोधकांचा तर्क.

"म्हणजे हौसेने जमवले होते?" सौभाग्यवती प्रथमच थांबल्या.

त्या क्षणी माझा हात खिशात होता. मघाशीच एक टोकदार कपची मी गुपचूप आत सारली होती. हत्यार की नुसता दगड, कोण जाणे. पण दिवाणखान्यातल्या कपाटात शोभली असती खरी!

"खिशात काय आहे?"

मी दाखवली.

"त्याचं वय कसं कळतं म्हणालात?"

"ज्या थरात सापडतो, त्यावरून."

"मग आपल्या कपाटात त्याला कुठला थर?"

हाही प्रश्न बिनतोड होता. जिथून उचलली होती ती जागा शोधायला मला बराच वेळ लागला. मोठा माणूस वाकून भुई धुंडाळतो आहे हे पाहून एक गुराखी पोरगा खूप हसला.

आता कपाटात जयपूरचा निळा मोर आहे. "डिडवान्याहून काय आणलंत?" असे शेजारी विचारतात.

"आणलं काही नाही," मी सांगतो, "एक दगड ठेवून आलो."