टोमी, एक्टमी, ऑस्टमी

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून एमबीबीएसला आलेल्या मुलाला ॲनाटॉमीचा धसका असतो तो शब्दांचाच. चौरसियांच्या ॲनाटॉमीच्या पुस्तकाचं एक पान उलटायला मला अख्खी संध्याकाळ पुरायची नाही.

डिसेक्शन हॉलमध्ये आमच्या मॅडमनी एकदा फळ्यावर फक्त ‘टोम’ लिहिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ काप. कापून उलगडायचं ती ॲनाटॉमी. ज्याचा आणखी काप होत नाही तो ॲटम. त्यातला नकाराचा ‘अ’ आणि आपल्या ‘अज्ञान’मधला ‘अ’ मुळात एकच! सीटी स्कॅनमधला ‘टी’ टोमोग्राफीचा, म्हणजे शरीराच्या एकेका कापाचं चित्र. मग मॅडमनी जठराचं ‘गॅस्ट्र’ घेतलं. गॅस्ट्रोटमी म्हणजे जठराला छेद देणं, गॅस्ट्रेक्टमी म्हणजे ते कापून काढणं, गॅस्ट्रोस्टमी म्हणजे त्याला बाहेर तोंड करून देणं, कारण ‘स्टोमा’ म्हणजे तोंड. एखाददुसऱ्या अक्षराच्या फरकाने पेशंटचं जठर राहतं किंवा जातं. त्या दिवसापासून मी घोकणं सोडलं आणि शब्दांची फोड करायला लागलो.

शाळेतलं संस्कृत इथे असं कामी येईल असं वाटलं नव्हतं. हाडासाठी ग्रीक ‘ऑस्टिऑन’, आपलं अस्थि. गुडघ्यासाठी लॅटिन ‘जेनू’, आपलं जानु. ‘हेपार’ आणि यकृतसुद्धा एकाच कुळातले. या भाषांचा उगम एक असावा, हे भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडलं होतं. मला ते हाडं हातात धरून पटलं. इंग्रजी ही कॉन्व्हेंटच्या मुलांची मिरास आहे ही माझी भीती तिथेच गेली.

मूळ कळलं की सगळं कळतं असं मात्र नाही. मूत्रपिंडाला रीनल आर्टरीतलं ‘रीनल’ लॅटिनमधून मिळतं आणि नेफ्रायटिस ग्रीकमधून. दोन्ही लक्षात ठेवावीच लागतात. ‘आर्टेरिया’ तर ग्रीकांकडे श्वासनलिकेचंही नाव होतं. मृतदेहातल्या धमन्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांत हवा असते असं पुष्कळांना वाटे. तो समज गेला, शब्द उरला.

आता सर्जरी वॉर्डात आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक कागद पुढे करून विचारतात, “डॉक्टर, हे कोलोस्टॉमी म्हणजे काय हो?” मी सांगतो, “काका, मोठ्या आतड्याला पोटावर तोंड करून देणार आहोत. शौच तिथून पिशवीत येईल.” पुढचा प्रश्न बहुतेक वेळा पिशवी कशी बदलायची, हाच असतो.