घाटकोपरचे नवे केलेले घर

अंधेरीहून निघालेली मेट्रो साकीनाका ओलांडून असल्फ्याकडे येऊ लागली, की खिडकीतून एक डोंगर दिसतो. त्याच्या उतारावर एकमेकांच्या खांद्यावर उभी असावीत तशी लहान लहान घरे आहेत आणि त्यांच्या भिंती निळ्या, पिवळ्या, गुलाबी रंगांनी सजल्या आहेत. 2018 च्या सुमारास स्वयंसेवकांनी हा डोंगर रंगविला, तेव्हापासून नवखे प्रवासी त्याची छायाचित्रे घेतात. रंगाने भिंत देखणी होते, यात शंका नाही. डोंगराची माती मात्र रंगाने धरून ठेवली जात नाही. 12 जुलै 2000 रोजी घाटकोपर पश्चिमेच्या आझादनगरात पावसाने दरड कोसळली आणि साठांहून अधिक माणसे तिच्याखाली गेली. पुढच्याच स्थानकांवर उतरून घर पाहावयास जाणाऱ्याने हे ध्यानी ठेवलेले बरे.

बारामतीला भुसार मालाची पेढी असलेल्या एका जैन कुटुंबातील अण्णा असेच एका रविवारी अंधेरीच्या मुलीकडून घाटकोपरला आले. धाकट्या मुलाने मशीद बंदरला मसाल्याच्या व्यापारात जम बसविला होता आणि मुलुंडच्या भाड्याच्या जागेचा करार संपत आला होता. लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या आत एका गल्लीत, चार मजली जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील घर त्याला पसंत पडले होते. गल्ली काही देखणी नव्हती. तोंडाशीच गॅरेज, त्यापुढे भंगाराचे दुकान, वाटेत आडव्या लावलेल्या हातगाड्या, आणि उघड्या गटारावर टाकलेल्या फरश्या. घर मात्र आतून लखलखीत: नव्या टाइल्स, ओट्याला काळा ग्रॅनाइट, छताला पीओपी.

व्यापारी कुटुंबांना घाटकोपर का हवेसे वाटते, हे नकाशापेक्षा घड्याळावरून अधिक कळते. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मशीद बंदरहून मध्य रेल्वेने घरी पोहोचून सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावयाचे, तर मुलुंडपेक्षा घाटकोपर सोयीचे. मंदिर आणि उपाश्रय पायी जाण्याच्या अंतरावर. चातुर्मासात मुनिराजांचे प्रवचन चुकत नाही. किराणेवाल्याला कंदमूळ वर्ज्य म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. 2014 मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून अंधेरीची लेकही जवळ आली. गल्लीतील गटार या साऱ्यापुढे सहज विसरले जाते.

अण्णांनी ओटा पाहिला, नळ सोडून पाहिला आणि मग बराच वेळ छताकडे पाहत राहिले.

"ही पट्टी काढून वरचा बीम पाहता येईल का?" त्यांनी विचारले.

"काका, सगळं नवं केलंय. त्यात काय पाहायचं?" दलाल हसून म्हणाला.

"नवं केलंय म्हणूनच पाहायचं."

हा प्रश्न घाटकोपरात तरी वावगा नव्हे. याच मार्गावरील दामोदर पार्क भागात 'सिद्धी साई' नावाची चार मजली इमारत होती. 25 जुलै 2017 रोजी सकाळी ती पत्त्यांच्या घरासारखी कोसळली. सतरा जण दगावले. चातुर्मास चालू होता, घराघरांत सकाळची कामे सुरू होती. तळमजल्यावर पूर्वी शुश्रूषागृह होते आणि तेथे नूतनीकरणाचे काम चालले होते. त्या कामात आधाराच्या खांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला आणि फौजदारी गुन्हा दाखल झाला. वरच्या मजल्यांवरील कुटुंबांनी आपापली घरे कितीही जपली असती, तरी त्यांचे आयुष्य तळमजल्यावरील दुसऱ्याच्या हातोडीवर टांगलेले होते. सदनिका खरेदी करणारा स्वतःच्या चार भिंतींचे पैसे मोजतो, खांब मात्र सर्वांचे सामाईक असतात.

म्हणून अशा घराची पारख त्या घरात होत नाही, ती सोसायटीच्या कार्यालयात होते. मुंबईत तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे महापालिका कायद्याच्या कलम 353 ब नुसार बंधनकारक आहे. तपासणीनंतर इमारतीला श्रेणी मिळते. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडावयाची. सी-2 अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणे. सी-2 ब म्हणजे रहिवासी आत असतानाच दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. या अहवालाशिवाय इसाराची रक्कम देणे म्हणजे पोते न उघडता माल उचलणे. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का, हेही तेथेच कळते. मुद्रांक शुल्काचे सहा टक्के आणि सुनेच्या नावे घेतल्यास मिळणारी एक टक्क्याची सवलत यांचा हिशेब बहुतेकांना तोंडपाठ असतो. इमारतीचे वय मात्र ते विचारीत नाहीत. कर्ज वीस वर्षांचे घ्यावयाचे आणि इमारत तितकी टिकेल की नाही ठाऊक नाही, हा व्यवहार पेढीवर कोणी केला असता का?

"पुनर्विकास होईलच," हे दलालांचे आवडते वाक्य. घाटकोपरच्या काही भागांवरून विमाने धावपट्टीकडे उतरतात. त्या पट्ट्यात इमारतीच्या उंचीवर मर्यादा येते. उंची नाही तर विकावयास जादा सदनिका नाहीत, आणि त्या नाहीत तर विकासकाला रस नाही. आकाश किती जवळ आहे, हे 28 जून 2018 रोजी दिसले. त्या दिवशी एक लहान विमान याच पश्चिम भागातील जीवदया लेनमध्ये बांधकामाच्या जागेवर पडले आणि विमानातील चौघांसह रस्त्याने जाणारा एक पादचारीही गेला. पुनर्विकास अडला की जुन्या इमारती उभ्याच राहतात, आणि त्यांतील घरे एकामागून एक आतून नवी होत जातात.

सोसायटीचे चिटणीस सज्जन निघाले. त्यांनी कपाटातून अहवाल काढून दिला. श्रेणी सी-2 ब, दुरुस्ती झालेली, बाहेरून नवा गिलावा. अण्णांनी पेढीवरची बिले वाचावीत तसा तो शेवटच्या पानापर्यंत वाचला. शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ होती: तळमजल्यावरील दुकानाच्या मागील दोन खांबांची तपासणी करता आली नाही, दुकानदाराने पुढे लाकडी फळ्यांची भिंत उभारली आहे.

"त्याला बऱ्याचदा सांगितलं," चिटणीस म्हणाले.

मुलाचा चेहरा उतरला. घर त्याच्या मनात भरले होते. सूनबाईंनी ओट्याजवळ पाणी गाळण्याची जागासुद्धा ठरविली होती. जिना उतरताना त्याने हळूच म्हटले, "अण्णा, दोनच खांब आहेत."

अण्णा दुकानासमोर थांबले. आत फळ्यांवर कुलुपांचे नमुने टांगलेले होते. दुकानदार वयस्क होता. त्याने पाणी विचारले. अण्णांनी सोबतची बाटली दाखविली. मग त्यांनी विचारले, "या फळ्या काढून अभियंत्याला दाखवायला किती खर्च येईल? निम्मा आम्ही देतो. घर घेतलं नाही तरी देतो."

दुकानदार विचारात पडला. मागे कोणीतरी हातगाडी वळवीत होते. चार वाजून गेले होते. सूर्यास्ताच्या आत अंधेरीला पोहोचावयाचे होते. बुधवारी अभियंता घेऊन येतो, असे सांगून अण्णांनी दुकानदाराचा फोन क्रमांक लिहून घेतला. इसाराचा धनादेश खिशातच राहिला आणि ते स्थानकाकडे वळले.