सौंफचे कुरण

शेतात गवत माजले, की आपण त्या घराविषयी हळहळतो. कर्ता पुरुष गेला असेल, भाऊबंदकीचा दावा लागला असेल, अथवा मुले शहरात जाऊन राहिली असतील, असे काहीतरी अनिष्ट आपल्या मनात येते. 'पडीक', 'ओसाड', 'रान माजले' हे आपले शब्दच त्या दुःखाचे आहेत. जमीन नांगरावी, पेरावी, आणि आलेल्या पिकातले पहिले देवाला द्यावे, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा धर्म. कोकणात आणि गोव्यात नव्याच्या दिवशी भाताच्या लोंब्या देवळात पुजून मग घरी नेतात, त्यामागे हीच श्रद्धा आहे. म्हणूनच, शेताचे गवत व्हावे अशी जेथे मुद्दाम इच्छा धरली गेली, ते स्थळ पाहण्याचे कुतूहल आम्हांस पुष्कळ दिवस होते. मार्गशीर्षात मंडला येथे नर्मदेचे स्नान करून आम्ही कान्ह्याच्या अरण्यात गेलो, तेव्हा ते पुरे झाले.

कान्हा हे मध्य प्रदेशातील मंडला आणि बालाघाट या जिल्ह्यांत, मैकल डोंगरांच्या कुशीत वसलेले राष्ट्रीय उद्यान. १ जून १९५५ रोजी ते स्थापन झाले आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ अरण्यांत त्याची गणना झाली. बहुतेक प्रवासी येथे वाघ पाहावयास येतात. आमच्या सोबतच्या मंडळींचे डोळेही वाघाच्याच वाटेवर होते. आम्हांला मात्र मुक्कीच्या फाटकातून आत गेल्यावर लागणारे सौंफचे मैदान पाहावयाचे होते. येथे पूर्वी सौंफ नावाचा गाव होता. १९६९ साली तो उठवून बाहेर वसविण्यात आला. पुढे आणखी गावे उठली, आणि त्यांच्या शेतांचीही कुरणे झाली.

हे सारे ज्याच्यासाठी झाले, तो प्राणी म्हणजे बारशिंगा. बारशिंग्याच्या इतर जाती तराईच्या व आसामच्या दलदलीत राहतात. मध्य भारतातील ही एकच जात कठीण भूमीवर, सालवनांतील गवताळ मैदानांत राहणारी. ती जवळजवळ सर्वस्वी गवतावर जगते आणि तिची मादी आपले पाडस उंच गवतातच दडवून ठेवते. गुरांनी चरून आणि वणव्यांनी जळून ते गवत नाहीसे झाले, शिकारीही झाल्या, आणि १९७० साली कान्ह्यात अवघे ६६ बारशिंगे उरले. जगात या जातीचा दुसरा कळप कोठेही उरला नव्हता. ती ६६ डोकी गेली असती, तर त्यांच्याबरोबर एक वंशच बुडाला असता. आज तेथे त्यांची संख्या आठशेच्या वर आहे, आणि २०१५ पासून काही बारशिंगे सातपुड्याच्या अरण्यातही नेऊन सोडले आहेत.

आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. रात्रीच्या थंडीने गवतावरचे दव गोठून पांढरे झाले होते. वाटाड्याने सांगितले, की ही थंडीच सालाच्या कोवळ्या रोपांना मारते आणि मैदान मोकळे राहते. जेथे तेवढ्याने भागत नाही, तेथे माणसे लावून रोपे व निरुपयोगी तण उपटावे लागते. सोडून दिलेल्या शेतात आधी तण येते, मग एका पावसाचे गवत, आणि काही वर्षांनी मुळे खोल गेलेले, पुरुषभर उंचीचे टिकाऊ गवत. तेही कोणी राखावे लागते. शेती सोडली म्हणजे श्रम सुटले असे नव्हे, हे आम्हांस तेथे प्रथम कळले.

त्या सोनेरी गवतातून बारशिंग्यांचा कळप बाहेर आला. त्यांचा हा माजाचा ऋतू. नर गवतात शिंगे खुपसून गवताच्या जुड्याच्या जुड्या माथ्यावर वाहून नेत होते. बाशिंग बांधलेल्या नवरदेवासारखे ते रुबाबात चालत होते. आम्ही कितीतरी वेळ निःशब्द होतो. मग दृष्टी स्थिर झाली आणि गवताखाली जमिनीचे चढउतार दिसू लागले. एक सरळ उंचवटा, त्याला काटकोनात मिळणारा दुसरा. ते शेताचे बांध होते. थोड्या अंतरावर आंब्याचे एक जुने झाड उभे होते. रानात असा आंबा एकटा उगवत नाही. तो कोणीतरी लावलेला असतो.

वाटाड्या जातीने गोंड, वयाने तिशीतला. आम्ही विचारले, "दादा, ही माणसे कोठे गेली?" त्याने हाताने दिशा दाखविली आणि म्हणाला, "आमचा आजाही इकडच्याच एका गावचा, साहेब. नव्या गावात शाळा जवळ आहे, दवाखाना आहे, सडक आहे. पण आजा म्हणायचा, मोह मागे राहिला." एवढे बोलून तो पुन्हा बारशिंग्यांकडे वळला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि बारशिंग्यांविषयी त्याला वाटणारा अभिमान खोटा नव्हता. दोन्ही गोष्टी त्याच्यापाशी शेजारी शेजारी नांदत होत्या.

या अरण्यातले दुसरे रहिवासी बैगा. धरणी ही माता आहे आणि नांगर चालविणे म्हणजे तिची छाती फाडणे होय, अशी त्यांची जुनी श्रद्धा. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ साली बैगांवरील आपल्या ग्रंथात ती नोंदविली आहे. बैगा झाडी तोडून जाळीत आणि राखेत बी पेरीत. इंग्रज सरकारने ही बेवर शेती बंद करून त्यांना नांगर धरावयास लावले. १८९० साली राखून दिलेल्या 'बैगा चक' या टापूत तेवढी ती चालू राहिली. म्हणजे ज्या समाजाला एका शतकात नांगर घ्यावा लागला, त्यातील कित्येकांना पुढच्या शतकात नांगरलेली जमीनही सोडावी लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही श्रवणताल पाहिला. दशरथाचा बाण श्रवणाला येथेच लागला, अशी स्थानिकांची श्रद्धा आहे. जवळच दशरथ मचाण आणि श्रवणचिताही दाखवितात. त्या पाण्यापाशी उभे असता मनात आले, की ही कथा पश्चात्तापाची खरी, पण तिच्यात आणखी एक बोध आहे. बाण राजाचा होता आणि घर उजाड झाले ते आंधळ्या मातापित्यांचे.

आपल्याकडे रान देवाला सोडण्याची चाल नवी नाही. कोकणातली देवराई, गोव्यातली देवराय ही त्याचीच रूपे. तेथे गावच आपल्या हाताने सीमा आखतो, गावच कुऱ्हाड आवरतो, आणि त्या रानातून पाझरणारे पाणीही गावालाच मिळते. त्याग आणि प्रसाद एकाच घरचा. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे, तोही आपल्या ताटातले अन्न प्राणिमात्रांस देण्याचा. सौंफचे कुरण हा असाच एक थोर भूतयज्ञ आहे, यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. हिंदीत गवताला 'घास' म्हणतात आणि मराठीत घास म्हणजे मुखातला ग्रास. सौंफला हे दोन्ही अर्थ एक होतात. बारशिंग्याच्या मुखी पडलेला तो घास आमच्या ताटातून गेला नव्हता. तो एका गावाच्या ताटातून गेला आणि यजमान म्हणून नाव मात्र साऱ्या देशाचे लागले. आहुती देताना 'न मम' म्हणावयाचे असते. ते म्हणण्याचा अधिकार, ते ज्याचे होते त्याचाच.

२००६ सालच्या वनहक्क कायद्याने आणि त्याच वर्षी वन्यजीव कायद्यात झालेल्या दुरुस्तीने हा अधिकार मान्य केला. आता ग्रामसभेच्या, सर्व माहिती घेऊन दिलेल्या संमतीवाचून गाव उठविता येत नाही. स्वेच्छेने उठणाऱ्या कुटुंबास २००८ पासून दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपये देण्याची तरतूद आहे. पण संमती कागदावर घेतली की मनापासून मिळाली, हे शेवटी पाहणाऱ्यांच्या जागरूकतेवरच अवलंबून राहते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण नर्मदेच्या यात्रेस जातात, आणि त्यांतले काही कान्ह्यासही जात असतील. त्यांनी वाघ अवश्य पाहावा, बारशिंगा तर पाहावाच. पण सौंफच्या गवतात बांध आणि आंबा शोधावा, आणि सोबतच्या वाटाड्यास, त्याची माणसे मूळची कोणत्या गावची, हे आदराने विचारावे. देवापुढे ठेवलेल्या नैवेद्याचा प्रसाद घेताना अन्नदात्याचे नाव घेण्याची आपली रीत आहे. ती अरण्यातही पाळावी.