मॅडमच्या बॅगेतला सिलॅबस

‘सेमिस्टर अब्रॉड’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बर्फ, सायकली, सुपरमार्केटातला स्वस्त पास्ता आणि ढीगभर फोटो. बरोबर ना? आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीतही विषय निघाला की गाडी याच स्टेशनांवर थांबते. मी जर्मनीत एक सेमिस्टर काढलंय हे कळल्यावर प्रत्येक नवा कलीग विचारतो, ‘‘खर्च किती आला रे?’’ पण ‘जमलं कसं?’ हे कुणीच विचारत नाही. म्हणून आज तेच सांगतो.

मला जमलं, कारण माझ्या आधी आमच्या मॅडम तिकडे जाऊन आल्या होत्या.

गोष्ट २०१६ची. ‘इरॅस्मस प्लस’ या युरोपीय योजनेतून मॅडमना तिकडे शिकवायला जाण्याची ग्रँट मिळाली. ग्रँट म्हणजे काय, तर प्रवासाचे पैसे आणि रोजच्या राहण्या-खाण्याचा खर्च. अट अशी, की प्रवास सोडून किमान पाच दिवस राहायचं आणि आठवड्याला निदान आठ तास शिकवायचं. डिपार्टमेंटमध्ये लगेच कुजबुज सुरू... ‘‘मजा आहे बुवा, फुकटात युरोप!’’

मॅडम जेमतेम आठवडाभर गेल्या. बॅगेत थालिपीठाची भाजणी, मेतकूट आणि आमच्या सगळ्या सेमिस्टरांचा सिलॅबस. सकाळी लेक्चर, दुपारी तिकडच्या प्रोफेसरांसमोर दोन्ही सिलॅबस उघडून बसायचं. तुमचा हा विषय म्हणजे आमचा कुठला? लॅबचे तास किती? परीक्षा लेखी की तोंडी?

यात खरी गोम असते क्रेडिटची. युरोपात फुल टाइम शिक्षणाचं एक वर्ष म्हणजे ६० क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचं साधारण २५ ते ३० तासांचं काम. लेक्चर, लॅब, घरचा अभ्यास, सगळं त्यात आलं. आपल्याकडे तेव्हा हिशेब वर्गातल्या तासांचा. आठवड्याला एक तास लेक्चर, असं सेमिस्टरभर, की झालं एक क्रेडिट. एकजण किलोत मोजतोय, दुसरा लिटरमध्ये! नुसता गुणाकार करून भागत नाही, समोरासमोर बसून ठरवावं लागतं. ई-मेलवर वर्षभर रखडलेलं हे काम मॅडमनी चार दुपारींत उरकलं. परत आल्या त्या चॉकलेटं आणि एक तक्ता घेऊन.

त्या तक्त्याच्या जोरावर २०१७च्या ऑक्टोबरात मी विमानात बसलो. निघण्याआधी ‘लर्निंग अॅग्रीमेंट’वर तीन सह्या झाल्या होत्या. माझी, आमच्या कॉलेजची आणि तिकडच्या विद्यापीठाची. तिकडची ट्यूशन फी माफ, हा या योजनेचा नियमच. परत आलो तेव्हा तिथे पास केलेला प्रत्येक विषय इथल्या मार्कशीटवर चढला. कुणाच्या हातापाया पडावं लागलं नाही.

आता दुसरी बाजू. माझा नाशिकचा रूम पार्टनर दुसऱ्या एका कॉलेजात होता. त्यांचाही परदेशी विद्यापीठाशी एमओयू, म्हणजे सामंजस्य करार होता. ऑफिसबाहेर त्याचा फोटो फ्रेम करून लावलेला. दोन झेंडे, दोन बुके, एक हस्तांदोलन. पठ्ठ्या गेला, तिकडे पास झाला, परत आला. खिडकीवर उत्तर मिळालं, ‘‘हे पेपर आमच्या सिलॅबसमध्ये नाहीत.’’ झालं! सगळे पेपर पुन्हा. वर्ष गेलं, कॅम्पस प्लेसमेंट हुकलं आणि एज्युकेशन लोनसाठी सही करणाऱ्या वडिलांची झोप उडाली. त्याचं तेव्हाचं वाक्य मला अजून आठवतं. ‘‘करार झाला होता रे... पण सिलॅबस कुणी उघडलाच नव्हता.’’

हे दुखणं फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. सोफिया कोराडी ही रोमची मुलगी फुलब्राइट स्कॉलरशिप घेऊन अमेरिकेत गेली, कोलंबिया विद्यापीठातून कायद्यातली मास्टर्स करून १९५८ मध्ये घरी परतली. रोमच्या विद्यापीठाने ते शिक्षण मानायला नकार दिला. दुसरी कुणी असती तर चार शिव्या घालून गप्प बसली असती. ही बाई पुढची कित्येक वर्षं एकच मुद्दा घेऊन लढत राहिली, की परदेशी शिकलेलं घरी मोजलं गेलंच पाहिजे. १९८७ मध्ये ‘इरॅस्मस’ योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. लोक कोराडींना ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणत. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ९१व्या वर्षी त्या गेल्या.

आपल्याकडेही नियम बदललेत. २०२२ पासून यूजीसीने परदेशी विद्यापीठांबरोबर ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल डिग्रीला परवानगी दिलीय. सरकारी योजनाही आहेत. २०१५ची ‘ग्यान’ तिकडचे प्राध्यापक इकडे शिकवायला आणण्यासाठी, २०१८ची ‘स्पार्क’ एकत्र संशोधनासाठी. दोन्ही चांगल्याच. पण सिलॅबसशी सिलॅबस जुळवण्याचं रटाळ काम ना संशोधन, ना लेक्चर! अमेरिकेतली कित्येक विद्यापीठं यासाठीच आपल्या प्राध्यापकांना छोट्या ग्रँट देतात. जा, वर्ग बघा, हॉस्टेल बघा, तिकडच्या माणसांना भेटा आणि मग मुलं पाठवा. रक्कम फार मोठी नसते. पण माणूस प्रत्यक्ष जाऊन येतो आणि सगळा फरक तिथेच पडतो.

हे आत्ता आठवायचं कारण? आमच्या मॅडम गेल्या वर्षी रिटायर झाल्या. करार यंदा संपतोय. तिकडचे जुने प्रोफेसरही आता नाहीत. मधल्या काळात नव्या शैक्षणिक धोरणामुळे आपला सिलॅबस बदलला, म्हणजे तो तक्ताही जुना झाला. मॅडमच्या जागी आलेले सर तरुण आहेत, उत्साही आहेत. पण नव्याने बसायचं तर तिकीट हवं, आणि डिपार्टमेंटच्या फंडातून निघतोय निम्माच खर्च. यंदा कुणी गेलं नाही, तर पुढच्या बॅचच्या दोन जागा गेल्या म्हणून समजा.

त्या तक्त्यावर आजवर आम्ही अकराजण जाऊन आलोय. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विषय निघाला. एकीने रोखठोक विचारलं, ‘‘पण हे आपलं काम आहे का? कॉलेजने नको द्यायला?’’ मुद्दा शंभर टक्के बरोबर. बजेटमध्ये दरवर्षी यासाठी वेगळी तरतूद हवी, असं पत्र आम्ही अकराजणांच्या सह्यांनी प्रिन्सिपॉल सरांना दिलंय. पण कराराची तारीख त्या पत्राच्या उत्तरासाठी थांबणार नाही ना! मग हिशेब मांडला. उरलेला निम्मा खर्च भागिले अकरा. प्रत्येकाच्या वाट्याला एका मोबाइलच्या दोन-तीन हप्त्यांएवढे पैसे आले. दोन दिवसांत जमले.

सरांनी पैशांबरोबर आणखी एक काम लावलंय. एक एक्सेल शीट. तुम्ही तिकडे काय शिकलात, ते इथल्या कुठल्या विषयाशी खरंच जुळतं, आणि कुठे नुसतं नाव सारखं आहे, ते भरा. रविवारी मी माझे रकाने भरले. ‘नाव तेच, पण तिकडे निम्मे मार्क प्रोजेक्टला. मुलांना आधीच सांगा.’

शीट पाठवण्यापूर्वी रूम पार्टनरला दाखवली. तो आता बंगळुरूला असतो. त्याने शांतपणे वाचली आणि म्हणाला, ‘‘शेवटी एक रकाना वाढव. परत आल्यावर मार्कशीटसाठी कुणाला भेटायचं, त्याचं नाव.’’

सरांना कळवलं. त्यांनी तो रकाना सगळ्यात आधी भरला.