रूळ नदीपलीकडून गेले

जमिनीतून धूर निघत होता, एवढंच तिला दिसलं. १८७८चा वसंत. केंटकी सोडून नवऱ्याबरोबर आलेली विलियाना हिकमन गाव शोधत होती, आणि गाव होतं जमिनीच्या पोटात खोदलेल्या खोपटांत. तिला रडू कोसळलं.

कॅन्ससच्या ग्रॅहम काउंटीतलं हे निकोडेमस. गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी १८७७मध्ये वसवलेलं. माळावर झाड नाही, घराला लाकूड नाही, अंगावर येणारा वारा तेवढा अखंड. घोडे-बैल जवळजवळ नव्हतेच. कुदळ-फावड्यांनी माती उलटली. सूर्यफुलाची वाळकी ताटं आणि बायसनच्या शेणी जाळून थंडी काढली. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी मांस दिलं म्हणून तगलो, असं वंशज सांगत आले. या कुरणांवर आधी पॉनी, शायान शिकार करत. त्यांना हुसकावल्यावरच इथली जमीन वसाहतीला खुली झाली, हेही या गावाच्या दुःखाशेजारी ठेवायला हवं.

आणि तरी दहा वर्षांत काय काय उभं राहिलं! चर्च, शाळा, हॉटेल, दुकानं. दोन वर्तमानपत्रंसुद्धा. मला त्या वर्तमानपत्रांचंच फार वाटतं. ज्यांच्या हाती मालकांनी अक्षर पडू दिलं नव्हतं, त्यांच्या गावात आता छापखान्याची शाई होती.

१८८७मध्ये गावानं रेल्वेसाठी १६,००० डॉलरचे रोखे मतदानानं मंजूर केले. स्वतःच्या घामाचा पैसा पुढं केला, आणि वाट पाहिली. १८८८मध्ये रूळ पडले ते सोलोमन नदीपलीकडून, काही मैलांवरून. दुकानदार रुळांमागे बोग या गावी गेले. काहींनी तर इमारतीच ओढत नेल्या. कष्टात हे गाव कुठंच कमी पडलं नव्हतं. पुढं १९३०च्या दशकातली धूळवादळं आली, १९५३मध्ये टपाल कार्यालय बंद झालं. आज तिथं मूठभर माणसं राहतात. जुलैअखेरीला मात्र दूरदूरच्या शहरांतून वंशज येतात, जेवणाच्या पंगती बसतात, पोरांना आजोबा-पणजोबांची शेतं दाखवली जातात.

जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्यांची गुलामी मोडणाऱ्या अमेरिकी लोकांना. ती अर्पणपत्रिका आपण अभिमानानं सांगतो. ज्यांची गुलामी मोडली त्यांचं पुढं काय झालं, हे मात्र फारसं विचारत नाही. विचारा. निकोडेमसपासून सुरुवात करा.